नवा स्कोप घेताय? डोळे मिटून घ्या

जुना अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, निवृत्त करताय? अभिनंदन! इतकी वर्षं त्या धुडाने अर्धं बाक अडवलं आणि बदल्यात दिलं काय, तर प्रोबच्या (सर्किटला टेकवायच्या तारेच्या) टोकाला जे होतं ते तसंच्या तसं. इतका भाबडेपणा आता चालत नाही. नवा डिजिटल कसा निवडायचा ते ऐका.

आधी पडदा बघा. मोठा हवा, रंगीत हवा, बोटाने सरकायला हवा. पडद्यामागे काय आहे ते दिसत नाही, मग बघायचं कशाला?

बँडविड्थ, म्हणजे स्कोप किती वारंवारतेपर्यंत पोचतो ती मर्यादा, सिग्नलच्या वारंवारतेएवढीच घ्या, पैसे वाचतात. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर १०० मेगाहर्ट्झची साइन लहर जवळजवळ ३० टक्के खुजी दिसेल (बँडविड्थची व्याख्याच तशी आहे), आणि चौकोनी लहर गुळगुळीत होऊन भेटेल. कडा नाहीत, म्हणजे कुठे लागायची भीती नाही.

प्रोबचं बटण १एक्सवर ठेवा, म्हणजे सिग्नल न घटवता आत येईल. बँडविड्थ दहाएक मेगाहर्ट्झच्या खाली घसरते, पण बटण हलवायचा त्रास वाचतो.

ऑटो बटण आहे ना? मग ट्रिगर (लहर पडद्यावर स्थिर धरणारी सोय) शिकू नका.

चॅनेल, म्हणजे सिग्नल आत घ्यायच्या वाटा, चार घ्या आणि चारही चालू ठेवा. पेटीवरचा सेकंदाला एक अब्ज नमुन्यांचा (सिग्नलच्या मोजमापांचा) वेग पुष्कळदा एकट्या चॅनेलचा असतो. चौघांत वाटला की प्रत्येकाला २५ कोटी. वाटून खाल्लेलं बरं.

आता मेमरी, म्हणजे एका वेळी किती नमुने साठवता येतात ते. हिच्याबद्दल अवाक्षर काढू नका. पेटीवर छापलेली नाही, म्हणजे महत्त्वाची नसणार. आमच्या बाकावर नुकताच असा एक स्कोप येऊन बसलाय. निवड वरून झाली, सही वरून झाली, वापरायचा मात्र आम्ही. पेटीवर 'एक अब्ज' ठळक अक्षरांत. आत मेमरी १०,००० नमुन्यांची. स्विचिंग पॉवर सप्लायचा (वेगाने चालू-बंद होऊन वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) रिपल, म्हणजे आउटपुटवरची बारीक लहर, बघायला टाइमबेस (पडद्याच्या एका घराला किती वेळ) लावला १० मिलिसेकंद प्रति घर. दहा घरांचे झाले १०० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात १०,००० नमुने पुरवायचे, म्हणजे वेग उरला सेकंदाला एक लाख. अब्जाचे लाख! आणि सप्लाय स्विच होत होता १०० किलोहर्ट्झच्या किंचित वर. म्हणजे एका आवर्तनाला जेमतेम एक नमुना, तोही दर वेळी जरासा सरकलेला. मग पडद्यावर काय यावं? शंभरएक हर्ट्झची सुबक, थोडी थरथरणारी लहर, हुबेहूब रेक्टिफायरनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरच्या) रिपलसारखी. सहकारी ती लहर सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर खराब समजून काढायला सोल्डरिंग आयर्न तापवून तयार. आणि ती लहर सर्किटमध्ये नव्हतीच! अडगळीतून जुनं धूड उचलून आणलं, तोच बिंदू, तोच टाइमबेस, आणि पडद्यावर आला जाड हिरवा पट्टा. त्यातून आकार कळत नाही, कबूल. पण इथे काहीतरी फार वेगाने चाललंय एवढं तो पट्टा सांगतो. नसलेली लहर रंगवून दाखवत नाही. नव्यातही पीक डिटेक्ट (दोन नमुन्यांमधली सर्वांत वरची आणि खालची पातळी टिपणारी सोय) आहे म्हणे, त्यात निदान पट्टा तरी दिसला असता. सापडलं ते मेनूच्या आत मेनूत, आणि आपोआप चालू होत नाही ते नाहीच.

मेमरी एक कोटी नमुन्यांची असती, तर त्याच टाइमबेसवर सेकंदाला दहा कोटी नमुने मिळाले असते. आज बेताच्या किमतीच्या स्कोपमध्येही एवढी मेमरी मिळते. मग १०,००० वाला कोण खपवतं आणि कोण घेतं? सर्वांत अनुकूल स्थितीतला एक आकडा पेटीभर मिरवायचा आणि त्याला खाऊन टाकणारा दुसरा आकडा शेवटच्या पानावर बारीक टायपात दडपायचा, ही फसवणूक आहे. आणि सही करणाऱ्यांनो, मोबाइल घेताना स्टोरेज किती हे चार चार वेळा विचारता ना? इथे तोंडाला कुलूप का लागतं? एक भागाकार करायचा होता: मेमरी भागिले पडद्यावरचा एकूण वेळ. शाळेतलं पोर करेल. तो केला नाही म्हणून आम्ही चांगले कपॅसिटर उपटायला निघालो होतो. पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी चारही चॅनेल चालू करा, टाइमबेस १० मिलिसेकंदांवर आणा आणि आत्ता, या क्षणी सॅम्पल रेट (नमुन्यांचा वेग) किती ते पडद्यावर दाखवायला सांगा. विक्रेता पडद्याचे रंग दाखवायला लागला, तर यंत्र परत पेटीत घालायला लावा.