कर्झनला धिंग्रांनी नाही मारलं हो! त्या फॉरवर्डला मुद्द्यावार उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्येभावाने बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनवरचा तो लांबलचक फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेलच. थोडक्यात म्हणणं असं की कर्झन लाडात वाढलेला उमराव, भारत लुटून त्याने इंग्लंडात महाल बांधला, फाळणीवरून बंगाल पेटला तेव्हा घाबरून राजीनामा दिला, मग इंग्लंडचा पंतप्रधान झाला, मदनलाल धिंग्रांनी त्याला लंडनमध्ये गोळ्या घातल्या, मुलगी हिटलरच्या दोस्ताला दिली आणि शेवटी आपल्या लोकांचे शाप लागून वंश बुडाला. खाली हात जोडलेल्यांची ही रांग! मी नुसतं लिहिलं, दादा यातलं बरंच चुकीचं आहे, तर उत्तर आलं, तुला इंग्रजांचा एवढा पुळका का? पुळका कसला. गोखल्यांनी १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये अध्यक्ष म्हणून बोलताना याच माणसाच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाशी केली होती, आणि गोखले म्हणजे मवाळ! खरं एवढं तिखट असताना वर खोट्याचा मसाला कशाला?

आधी धिंग्रा, कारण ही चूक आपल्या मराठी लोकांनी तरी करू नये. सावरकरांमुळे हा प्रसंग आपल्याकडे घराघरात माहितीये. १ जुलै १९०९, लंडनची इंपीरियल इन्स्टिट्यूट. तिथे धिंग्रांनी ज्याला मारलं तो सर विल्यम हट कर्झन वायली, भारतमंत्र्यांचा (लंडनच्या सरकारात भारताचा कारभार बघणारा मंत्री) राजकीय एडीसी, म्हणजे मदतनीस अधिकारी. आडनाव वायली, कर्झन हे मधलं नाव. कुणीतरी वायली गाळलं, पुढच्याने मागे लॉर्ड चिकटवलं, झालं. लॉर्ड कर्झन गेला २० मार्च १९२५ ला, आजारपणात, वय ६६. धिंग्रांना फाशी होऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटून गेली होती.

पंतप्रधानही तो कधीच झाला नाही, फक्त व्हायची जय्यत तयारी केली होती. मे १९२३ मध्ये पंतप्रधान बोनर लॉने तब्येतीमुळे पद सोडलं, कर्झन तेव्हा परराष्ट्रमंत्री आणि मॉन्टेक्यूटच्या घरी होता, तिथे फोनही नव्हता. लंडनला या अशी राजाच्या सेक्रेटरीची तार आली, पठ्ठ्या ट्रेनमध्ये बसून मंत्रिमंडळाचे बेत रचत गेला, आणि पोचल्यावर कळलं की बॉल्डविनला बोलावलंय. पंतप्रधान लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या उमरावांच्या सभागृहात, बसलेला नको हे कारण पुढे केलं गेलं, पण त्याचा तोरा सहन केलेले सहकारीही थोडे नव्हते.

राजीनाम्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, कारण तारखा खरंच एकमेकींना खेटून आहेत. ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला आणि त्याच महिन्यात कर्झनचा राजीनामा मंजूर झाला, मग कुणालाही वाटणार की यामुळे ते. पण भांडण होतं सरसेनापती किचनरशी. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात सरसेनापतीशिवाय आणखी एक लष्करी सभासद असायचा, किचनरला तो नको होता, लंडनने बऱ्याच अंशी किचनरची बाजू घेतली. आणि लंडनमधला भारतमंत्री ब्रॉड्रिक कोण, तर कर्झनचा जुना मित्र! फाळणी रद्द करणं सोडाच, राजीनाम्यानंतर १६ ऑक्टोबरला ती अंमलात आली आणि १९११ पर्यंत टिकली.

महाल. डर्बीशायरमधलं केडलस्टन हे कर्झन घराण्याकडे कित्येक शतकांपासून होतं, घराण्याचं ब्रीदच असं की कर्झनने जे धरलंय ते कर्झननेच धरून ठेवावं. आत्ताची इमारत १७६० च्या आसपासची, आपला हा जॉर्ज नथॅनियल जन्मला १८५९ मध्ये. गंमत म्हणजे उलटा प्रकार घडलाय. तेव्हाच्या गव्हर्नर-जनरल वेलस्लीने १८०३ मध्ये कलकत्त्यात गव्हर्न्मेंट हाऊस पूर्ण केलं ते याच केडलस्टनच्या नकाशावरून, म्हणजे भारताच्या पैशाने केडलस्टन बांधलं गेलं खरं, पण हुगळीकाठी, आणि शंभर वर्षांनी कर्झन त्यातच राहायला आला. त्याच्या स्वतःच्या ऐषारामामागे बायकोच्या माहेरचा मोठा हात होता, मेरी लायटर, शिकागोच्या बड्या दुकानदाराची मुलगी, १८९५ चं लग्न.

लाडात वाढला म्हणता? आईवडील दूर दूर, पोरं मिस पॅरामन नावाच्या गव्हर्नेसच्या ताब्यात. ती बेदम मारायची, डोक्यावर उंच निमुळती टोपी घालून, खोटारडा, भित्रा असलं काही त्यावर लिहून गावातून फिरवायची. आणि हाईट म्हणजे, मला मारायला छडी करून द्या अशी बटलरला चिठ्ठी त्याच्याचकडून लिहून घ्यायची! वर पाठीच्या कण्याला दुखापत, त्यामुळे जन्मभर अंगाला पट्टा. ती ताठ मान थोडीफार त्या पट्ट्याचीही होती. (दया दाखवा असं म्हणत नाहीये.)

आता जावई. ओसवाल्ड मोस्ली पुढे फॅसिस्ट झाला, हे खरं. पण सिंथियाशी लग्न १९२० मध्ये, तेव्हा तो तरुण खासदार होता, फॅसिस्ट पक्ष काढला १९३२ मध्ये, सासरा जाऊन सात वर्षं झाल्यावर. बर्लिनला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी हिटलरच्या हजेरीत लागलं ते त्याचं दुसरं लग्न, १९३६ मध्ये, डायना मिटफर्डशी. सिंथिया १९३३ मध्येच वारली होती, वय ३४.

आणि वंश बुडाला म्हणजे काय, तर मुलगा झाला नाही एवढंच ना? तीन मुली होत्या की! बायकांना मताचा हक्क नको म्हणणाऱ्या संघटनेचा कर्झन पुढारी होता, शिवाय आईकडून आलेल्या पैशावरून थोरल्या दोघींशी त्याचं वाजलं ते वाजलंच, ते घराण्याचं ब्रीद पोरींच्या बाबतीत काही चाललं नाही. तर याच माणसाची सिंथिया १९२९ मध्ये मजूर पक्षाची खासदार झाली. थोरली आयरीन १९५८ मध्ये लॉर्ड्समध्ये गेली, आजीव सभासद म्हणून नेमलेल्या पहिल्या चार बायकांपैकी एक. धाकटी अलेक्झांड्रा, तिचं मधलं नाव सिमल्याजवळच्या नालदेहरावरून नालडेरा ठेवलेलं, ती अगदी १९९५ पर्यंत जगली. शाप बराच उशिरा पोचला म्हणायचा, दादा.