मत न देण्याची पूर्वतयारी

मतदानाच्या दिवशी घरात लोळत पडणं हा अगदीच नवशिक्यांचा प्रकार. जाणकार माणूस महिनोन्‌महिने आधी तयारीला लागतो.

मतदार यादीत नाव अजिबात शोधू नका. खिशात ओळखपत्र आहे ना, मग झालं! यादीत नाव नसेल तर ते कार्ड दाखवूनही मत देता येत नाही, हे ऐन उन्हात तासभर रांगेत उभं राहिल्यावरच कळायला हवं. त्याशिवाय व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडायला रंगत येत नाही. उलट नाव यादीत आहे पण कार्ड सापडत नाही, असं झालं तर घराबाहेर पडूच नका. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं फोटोवालं पासबुक, यातलं काहीही चालतं म्हणे. कोणी आग्रहच केला तर नुसती मतदार चिठ्ठी घेऊन जा. तिच्यावर तुमचा अनुक्रमांक असतो, पण ओळखीचा पुरावा म्हणून २०१९ पासून ती चालत नाही. मानाने परत याल.

घर बदललंय? यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरायचा विचारही मनात आणू नका.

मुलगा अठराचा झाला असेल तर जरा जपून. पूर्वी अठरा पूर्ण झाली का हे बघायला १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, वर्ष सहज हुकायचं. आता एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या १ तारखाही धरतात. तरी उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. त्याला दुसऱ्या दिवशी जाग आली की काम फत्ते.

आजोबा पंच्याऐंशीच्या पुढचे? त्यांना घरबसल्या मत देता येतं, पण त्यासाठीचा फॉर्म १२डी निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. तेवढे पाच दिवस पेपर लपवा.

एवढं करूनही केंद्रात पोहोचलात आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं निघालं, तर नशीब थोर! कपाळावर हात मारा आणि मागे फिरा. ‘प्रदत्त मत’ हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. नाहीतर केंद्राध्यक्ष ओळख पटवून हातात कागदी मतपत्रिका ठेवतील. ठेवलीच तर घाबरू नका, ती पाकिटात बंद होते आणि प्रकरण कोर्टात गेल्याशिवाय सहसा कोणी उघडत नाही. म्हणजे मत देऊनही आपलं ध्येय बऱ्यापैकी साधतं.

शेवटचा धोका संध्याकाळचा. मतदान बहुतेक ठिकाणी सहाला संपतं, पण सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्यासाठी चिठ्ठ्या वाटतात, त्याही रांगेच्या शेपटापासून, म्हणजे मागून कोणी घुसायला नको. पावणेसहाला पोहोचलात तर अडकलातच. सहा वाजून पाच मिनिटांनी जा. फाटकापासून जरा लांब, ‘मतदान केंद्र’ ही पाटी मागे दिसेल असा सेल्फी घ्या. बोट तेवढं फोटोत येऊ देऊ नका.