खुलासा: आधार कार्डावर रिव्हॉल्व्हर मिळत नाही

कोथरूड-कर्वेनगरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "महिलांना .32 बोअरचं छोटं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आधार कार्डावर, बिनापरवाना मिळतं. पर्समध्ये खुशाल बाळगा."

रिव्हॉल्व्हर खरं आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये ते आणलं, वजन साधारण अर्धा किलो. बाकी मजकूर चुकीचा. शस्त्र अधिनियम, 1959 चं कलम 3 सरळ सांगतं की परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ ठेवता येत नाही, त्यात महिलांना सूट नाही. पुण्यात परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो. वय किमान 21 हवं, पोलीस पडताळणी होते. बिनापरवाना सापडल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षं कैद. गोंधळ बहुधा एअरगनवरून झाला असावा; कमी ताकदीच्या, .177 इंची छर्र्याच्या एअरगनला परवाना लागत नाही.

"छोटं म्हणजे चालवायला सोपं" हेही त्या मेसेजमध्ये आहे, आणि मला तेच जास्त खटकलं. शस्त्र जितकं हलकं, तितका त्याच गोळीचा झटका मनगटाला जास्त. नळी आखूड, त्यामुळे नेम धरायच्या दोन खुणा, पुढची माशी आणि मागची खाच, एकमेकींच्या फार जवळ; नेम केसभर चुकला तरी दहा मीटरवर गोळी भलतीकडेच. सरावाशिवाय पर्समध्ये ठेवलेलं असं शस्त्र घरच्यांनाच धोक्याचं.

मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. अडचणीत 112 लावा, त्याला परवाना लागत नाही.