नाण्यावर १७८० आहे म्हणून ते १७८० चं ठरत नाही

ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या ‘थालर’ या चांदीच्या नाण्याचा फोटो सध्या ग्रुपवर फिरतोय. त्याखाली तीन दावे आहेत. नाणं १७८० सालचं, म्हणून किंमत लाखांत. सालापुढची फुली म्हणजे रोमन दहा. आणि मागचा दुतोंडी पक्षी म्हणजे विजयनगरहून उचललेला आपला गंडभेरुंड. तिन्ही चूक आहेत. पहिल्यापायी तर लोकांचे कष्टाचे पैसे बुडू शकतात, म्हणून लिहितोय.

मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० ला वारली. पण इथिओपिया, येमेनच्या बाजारात लोकांचा विश्वास तिच्याच छापावर बसला होता. म्हणून साल न बदलता तेच नाणं पाडत राहिले: व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस आणि दुसऱ्या महायुद्धात चक्क आपल्या मुंबईची टांकसाळ! व्हिएन्नात ते आजही पाडतात. राणीच्या चेहऱ्याखालची एस. एफ. ही अक्षरं आजच्या जर्मनीतल्या ग्युन्त्सबुर्ग टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची. तीही प्रत्येक नव्या नाण्यावर तशीच उतरतात, त्यामुळे त्यांवरून वय सांगता येत नाही.

फुली दहा नव्हे. १७५० मध्ये नाण्यातल्या चांदीचं प्रमाण बदललं, तेव्हा नवी नाणी ओळखू यावीत म्हणून ही तिरपी फुली आली, बर्गंडी या युरोपातल्या जुन्या राज्याची खूण.

आता पक्षी. मध्य युरोपातल्या ‘पवित्र रोमन साम्राज्या’चा हा दुतोंडी गरुड सम्राट सिगिस्मुंडने १४३३ मध्ये राजचिन्ह म्हणून घेतला. विजयनगरच्या अच्युतरायाची गंडभेरुंडाची नाणी त्यानंतर शंभर वर्षांनी आली. आपला गंडभेरुंडही जुनाच आहे, कर्नाटकात बळ्ळिगावीचा स्तंभ १०४७ चा. पण तुर्कस्तानात हित्ती या प्राचीन लोकांनी असा पक्षी त्याच्याही दोन हजार वर्षं आधी कोरला होता. दोन डोकी दिसली की उसनवारी सिद्ध होत नाही. त्यापेक्षा भिंग घेऊन पक्ष्याच्या छातीवरची ढाल बघा: हंगेरीचे पट्टे आणि दुहेरी क्रूस, बोहेमियाचा सिंह, बर्गंडीच्या तिरप्या रेघा, बुर्गाऊचं चिन्ह आणि मधोमध ऑस्ट्रियाची छोटी ढाल. ग्युन्त्सबुर्गची टांकसाळ बुर्गाऊ प्रांतातच, म्हणून ते चिन्ह तिथं. एवढ्याशा जागेत कोरणाऱ्याने एवढी राज्यं बसवली आहेत! विजयनगर त्यात कुठंही नाही.

राहिली किंमत. वजन २८.०७ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २३.३९ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने साधारण दोन तोळे. नंतर पाडलेल्या नाण्याचा भाव त्या चांदीच्या आसपासच राहतो. घ्यायचंच असेल तर आधी वजन करा आणि कडेवरून बोट फिरवा. तिथं ‘न्याय आणि दया’ या अर्थाची लॅटिन अक्षरं उठावात लागली पाहिजेत. कड गुळगुळीत लागली तर नाणं परत करा.