आवाज पातळ नाही, तबकडी जलद फिरतेय

इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोच्या मिलानमधल्या १९०२ च्या ग्रामोफोन तबकड्यांत आवाज ‘पातळ आणि घाईचा’ वाटतो, असं एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. त्या काळी तबकडीचा वेग ठरलेला नसे, बऱ्याचदा मिनिटाला ७८ फेऱ्यांपेक्षा कमीच असे. ती आज सरसकट ७८ वर फिरवली की सूर चढतो, लय धावते आणि छातीतला तो गडद, भरदार आवाज हरवतो. वेग नीट लावलेली प्रत एकदा ऐका, माणूसच वेगळा वाटतो!

शिवाय मायक्रोफोन नव्हताच. हॉटेलच्या खोलीत आवाज टिपणाऱ्या कर्ण्यासमोर उभं राहून, फक्त पियानोच्या साथीवर, एका दुपारात दहा गाणी! बिदागी शंभर पौंड. त्यात संगीतकार फ्रांकेत्तीच्या ‘जर्मेनिया’तलीही गाणी आहेत, तो ऑपेरा मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात येऊन जेमतेम महिना झाला होता. कारुसोचं वय अवघं २९. आवाजातला तो ताजा उतावळेपणा पुढच्या अमेरिकी तबकड्यांत मला सापडत नाही.

आणि हे ध्वनिमुद्रण करणारे फ्रेड गैसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानसमोर कर्णा लावून बसले होते. आपल्याकडच्या संगीतप्रेमींना हे कुणी सांगतच नाही.