पाचवीतच पोरांची वाटणी करायची म्हणता?

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जर्मनीत दहाव्या वर्षीच मुलांना वकुबाप्रमाणे वेगळ्या शाळांत घालतात, म्हणून तिथे कारागीर चांगले. मुलाचा कल पाचवीत कळतोच. सगळ्यांना एकत्र बसवलं की हुशार पोरं मागे पडतात.

जर्मनीचं अर्धंच सांगितलंय. बहुतेक राज्यांत चौथीनंतर वाटणी होते, बर्लिन-ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. पण कारागीर घडतो तो कारखान्यातलं काम आणि व्यवसायशाळा यांच्या जोडीतून, आणि ते सुरू होतं पंधरा-सोळाव्या वर्षी किंवा त्यानंतर. दहाव्या वर्षीच्या चाळणीला त्याचं श्रेय कशाला? २००० सालच्या ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मन मुलांच्या गुणांवर घरच्या परिस्थितीचा जबर पगडा दिसला आणि तिथे केवढा गदारोळ झाला, ते मेसेजमध्ये नाही.

आता कल. एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेलं पोर असतं आणि डिसेंबरातलंही. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे भागाकार दिवाळीआधी जमणं की नंतर, एवढाच. जर्मनीतही वर्गातल्या वयाने मोठ्या मुलांना गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, जास्त मिळतं. शिवाय सराव. धरमपेठेत तिसरीपासून स्कॉलरशिपचा क्लास लागतो. पारडीतली एखादी मुलगी उत्तर तोंडी बरोबर सांगते, पण गोल रंगवायची ओएमआर उत्तरपत्रिका पहिल्यांदाच हातात आलेली. एक ओळ चुकते आणि पुढचे सगळे गोल एकेक घर खाली सरकतात. गुण पडतात, त्यावर आपण ‘कल’ अशी चिठ्ठी चिकटवतो.

हुशार पोरं मागे पडतील म्हणून लवकर वाटणी? तिची किंमतही बघा. फिनलंडने १९७२ ते १९७७ या काळात ही वाटणी अकराव्या वर्षावरून सोळाव्यावर नेली. बापाच्या कमाईचा पोराच्या कमाईवरचा पगडा त्यामुळे जवळपास पाव हिश्शाने कमी झाला. साठ पोरांच्या वर्गात चटपटीत मूल कंटाळतं, हे मात्र मान्य. त्यासाठी सिंगापूरकडे बघा: कडक चाळणीसाठी नावाजलेल्या या देशाने २०२४ पासून माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलांसाठी वेगवेगळे प्रवाहच बंद केले. आता तिथे मूल गणित वरच्या पातळीचं आणि भाषा सोप्या पातळीची घेऊ शकतं, मूळ वर्ग मात्र सगळ्यांचा मिश्र.

आणि आपल्याकडे? गुणांप्रमाणे तुकड्या पाडणाऱ्या शाळेत ‘अ’ तुकडीचे गणिताचे सर रजेवर गेले की लगेच बदली शिक्षक येतो. ‘ड’ला ऑफ तास. पाचवीत ‘ड’त गेलेली किती पोरं आठवीत ‘अ’त परत आली, ते मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी आपापल्या शाळेत विचारून बघावं.