हात लावू नका, वाकून बघा

गेल्या हिवाळ्यात पौर्णिमा गाठून आम्ही जामनगरजवळ नराऱ्याला गेलो. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली जाहीर झालं, देशातलं पहिलं. प्रवाळ बघायला इथं ना पोहायला यावं लागतं, ना बुडी मारायला. ओहोटी लागली की समुद्र लांबवर मागे सरतो आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा ओहोटीही जोरदार लागते, म्हणून तिथी बघून जायचं. ओहोटी पहाटेची होती, त्यामुळे मुक्काम तंबूत. रात्रभर वारा कापड फडफडवत होता, आणि दूर कारखान्यांचे दिवे.

उजाडताना निघालो. पायात जुने बूट हवेतच, प्रवाळाच्या कडा पाय कापतात. पहिला अर्धा तास मला नुसते दगड दिसले. मग एका डबक्यापाशी उकिडवी बसले, तर त्यातला एक 'दगड' हलला. ऑक्टोपस! बघता बघता तपकिरीचा करडा झाला आणि फटीत शिरला. शेजारी समुद्रफुलाचे, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचे, हिरवट तंतू पाण्याबरोबर डोलत होते. मी तिथून उठलेच नाही.

आणि तेवढ्यात बाजूच्या ग्रुपमधल्या वाटाड्याने पफर मासा पाण्याबाहेर काढला. तो फुगावा म्हणून! तो घाबरला की फुगतो, एवढीच ती 'गंमत'. पाण्याबाहेर तो हवा गिळतो, आणि ती हवा त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. मासा या हातातून त्या हातात फिरत होता, फोटो निघत होते, लहान मुलं टाळ्या वाजवत होती. मी वाटाड्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "ताई, लोकांना हेच पाहिजे असतं."

मला त्याचा नाही, आपला राग आला. वाघासाठी ताडोब्यात तासन् तास जिप्सीत गप्प बसतो आपण. मग माशाला, तारामाशाला हातात घेतल्याशिवाय 'बघितलं' असं का वाटत नाही? प्रवाळ म्हणजे तर जिवंत प्राण्यांची वसाहत, काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. आपला एक पाय चुकीचा पडला तर कित्येक वर्षांची वाढ मोडते.

जाणार असाल तर निघण्याआधीच वाटाड्याला सांगा: काही उचलायचं नाही, आम्ही वाकून बघू. आमच्या वाटाड्याला आम्ही परतीच्या वाटेवर हे सांगितलं. तो हसला, आणि एका खळग्यापाशी आम्हाला थांबवून नुसतं बोट दाखवलं. वाळूत बोटभर लांबीचा मासा होता, डोळे तेवढे वर.